पैलवानाचे पाय

"दगडूअण्णा, हायसा का घरात?"

ही हाक आली तेव्हा आई स्वयंपाकघरात बसून पैलवानाच्या मागच्या पायांना कोमट तिळाचं तेल चोळत होती. तिने त्याला चटकन फरशीवर ठेवलं, वर भाकरीची पाटी पालथी घातली आणि दम लागल्यासारखी पाटीवर हात टेकून बसली. मी तेलाची वाटी ओट्याखाली सरकवली. तोवर खंडूतात्या आत आलेही होते. माझ्या स्थळाचे ते मध्यस्थ, त्यामुळे आमच्या घरात त्यांना कुठेही शिरायची मुभा होती.

"दुपारी येत्यात गडद्यांची माणसं," ते म्हणाले. "पोरगा, पोराची आई आणि मामा. वडील न्हाईत, म्हणून सगळं मामाच्या शब्दावर. मामाला जपा. वनपाल हाय, कडक माणूस."

अण्णा खिडकीत आरसा टेकवून दाढी करत होते. त्यांचा हात गालावरच थांबला.

"कोण हाय म्हणालासा?"

"वनपाल. फॉरेस्टात. का वो?"

"काय न्हाई. चांगलं हाय की," अण्णा म्हणाले.

खंडूतात्यांनी चहा घेतला, पोह्यात शेंगदाणे जास्त घाला असं सांगितलं आणि गेले. ते फाटकाबाहेर पडेपर्यंत आईने पाटीवरचा हात काढला नाही.

पैलवान म्हणजे आमचं कासव. पाठीवर पिवळ्या चांदण्यांची नक्षी असलेलं, जमिनीवर राहणारं. अण्णा एसटीत ड्रायव्हर होते. विजापूरच्या फेरीवर असताना ते त्यांना भर रस्त्यात, डांबराच्या मधोमध दिसलं. अण्णांनी गाडी थांबवली. मागून ट्रक येत होते, म्हणून कासवाला उचलून केबिनमध्ये ठेवलं आणि पुढच्या थांब्यावर सोडू म्हणता म्हणता जतपर्यंत घेऊन आले. ज्या माणसाने आयुष्यात कधी वळणावर ओव्हरटेक केलं नाही त्याने केलेली ही एकच बेकायदा गोष्ट, आणि ती बेकायदा आहे हे त्याला ठाऊकही नव्हतं. घरी आल्या आल्या कासवाने उंबऱ्याजवळची अण्णांची चप्पल डोक्याने ढकलत अंगणाच्या कडेला नेली. तेव्हापासून तो पैलवान.

तो अंगणात हिंडायचा, जास्वंदीची पडलेली फुलं खायचा. मग एकदा पेपरात आलं की शेजारच्या तालुक्यात असंच कासव पाळणाऱ्या एका माणसावर वनखात्याने केस केली. अण्णांनी ती बातमी आम्हाला मोठ्याने वाचून दाखवली आणि नंतर स्वतःशी परत वाचली. त्या दिवसापासून पैलवानाचा मुक्काम न्हाणीमागच्या सरपणाच्या खोलीत हलला. तिथे खिडकी नव्हती. खायला दूधभात आणि भाकरीचा चुरा. शेजारच्या पोरांनी विचारलं तर शेतात सोडून दिलं म्हणून सांगायचं. सरकारी नोकरी, अण्णा म्हणायचे, एकदा केस झाली की निलंबन ठरलेलं.

दोनेक वर्षांत पैलवान उठायचा बंद झाला. पोट फरशीला घासत पुढच्या पायांनी स्वतःला ओढायचा आणि मागचे पाय नुसते मागे पसरलेले असायचे. आम्ही काय केलं नाही? आईने तान्ह्या बाळाला करावं तसं तेलमालिश केलं. अण्णा तंबाखूच्या डबीतला चुना नखाने काढून त्याच्या पाण्यात टाकायचे. बाळंतिणीला चुना देतात, मग कासवाला का नको, असा त्यांचा हिशेब. मी अंड्यांची टरफलं कुटून भातात कालवली. कोणी पाहुणा आला की पाटी झाकायची, हे तर आमच्या इतकं अंगवळणी पडलं होतं की एकदा पोस्टमन आला तेव्हा आईने रिकाम्या फरशीवरही पाटी झाकली.

शेवटी मी जनावरांच्या दवाखान्यात गेले. एका मैत्रिणीकडे कासव आहे, असं सुरू केलं. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं आणि तसंच उत्तर दिलं.

"तुझ्या मैत्रिणीला सांग, मला गायी-म्हशींचं कळतं. पण हाडाला ऊन लागतं एवढं सगळ्याच जनावरांचं मला माहीत आहे. ते ऊन बघतं का?"

"नाही."

"मग चुना घालून काय होणार? आणि आता नुसत्या उन्हाने भागेल असंही नाही. वनखात्याचं केंद्र आहे, तिथे असल्यांचे डॉक्टर असतात. तिथे दे म्हणावं. उशीर केला तर जाईल ते."

मी घरी येऊन सांगितलं. "तिथं देताना नाव विचारत्यात," अण्णा एवढंच म्हणाले. अंगणात सोडायचं तर शेजारी बघणार, केंद्रात द्यायचं तर नाव लागणार. म्हणून आम्ही तेल चोळत राहिलो.

आणि आता वनपाल आमच्या घरी पोहे खायला येणार होता.

अण्णांनी अर्धी राहिलेली दाढी तशीच पुसली आणि डब्याची कापडी पिशवी खुंटीवरून काढली.

"तळ्यावर सोडून येतो."

"अण्णा, ते पाण्यातलं न्हाई. बुडंल."

"काठावर ठेवतो मग."

"चालता येतंय का त्याला? कुत्री फाडून खातील."

"मग काय करू, लली?" त्यांचा आवाज चढला, आणि लगेच शेजारची भिंत आठवून खाली आला. "केस झाली तर नोकरी जाईल. नोकरी गेली तर तुझं लगीन कशानं करू? तू शिकलीयास, तू सांग."

खरं सांगायचं तर मला तो मुलगा आवडला होता. फोटोत तो हसत नव्हता, पण हसू दाबून ठेवल्यासारखा दिसत होता, आणि मी तो फोटो नको इतक्या वेळा बघितला होता. हे स्थळ जावं असं मला अजिबात वाटत नव्हतं. आणि पैलवानही जाऊ नये असं वाटत होतं. दोन्ही गोष्टी एका घरात बसत नव्हत्या.

अण्णांनी त्याला पिशवीत घातलं. पिशवी सायकलच्या हँडलला अडकवली आणि ते गेले. आई कांदा चिरायला बसली. तिचं नाक लाल झालं होतं, पण कांदा समोर असल्यामुळे तिला काही विचारता येत नव्हतं. मी साडी नेसले. निऱ्या तीनदा सुटल्या.

पाहुणे लवकर आले. दारात जीप थांबली. खंडूतात्या पुढे, त्यांच्यामागे रुंद खांद्यांचे, मिशीला तेल लावलेले बंडगर मामा, मग मुलाची आई, शेवटी मुलगा. आईने पदर सावरत त्यांना बसवलं. "मालक जरा भाईर गेल्यात, येतील एवढ्यात," ती म्हणाली. मामा बसले नाहीत. ते दारात उभे राहून अंगण बघू लागले. जास्वंद बघितली, पाण्याची टाकी बघितली. मी स्वयंपाकघराच्या पडद्याआडून त्यांची पाठ बघत होते.

तेवढ्यात फाटकापाशी सायकल वाजली. अण्णा होते. हँडलला पिशवी होती, आणि ती रिकामी नव्हती.

"या, या," मामाच पुढे होऊन म्हणाले, "आम्हीच तुमच्या घरात तुमचं स्वागत करतोय. बाजाराला गेला होता?"

"व्हय. जरा... वांगी."

"आज बाजार असतो इथं?"

"थोडाफार असतोय."

मामांनी पिशवीकडे बघितलं. अण्णांनी पिशवी छातीशी धरली. वांग्याची पिशवी अशी कोणी धरत नाही. मग मामा हसले आणि बाजूला झाले. अण्णा सरळ स्वयंपाकघरात आले.

"तळ्यावर गेलो," ते माझ्या कानाशी बोलले. "काठावर ठेवला. पाठ फिरवली तर पोट घासत माझ्या पायाकडंच यायला लागला. मला जमलं न्हाई, लली. झाक त्याला कुठंतरी."

ते बाहेर गेले. मी पिशवी उघडली. आत चुलीशेजारी बसल्यासारखी धग होती. दोन वर्षांहून जास्त अंधारात राहिलेल्या जनावराला आम्ही भर दुपारी बंद पिशवीतून गावभर फिरवलं होतं. पैलवानाची मान बाहेर लोंबत होती, तोंड उघडं होतं, नाकपुडीवर फेसाचा बुडबुडा होता. मी त्याला मोठ्या पातेल्यात ओल्या फडक्यावर ठेवलं आणि तोंडावर पाणी शिंपडलं. एक डोळा अर्धा उघडला आणि मिटला.

"आई, तो जातोय."

"हळू बोल. पावणं गेलं की बघू."

"तोवर मरंल."

"लली, पवं घेऊन जा." आईने पोह्यांच्या ताटल्या माझ्या हातात दिल्या.

मी बाहेर गेले. ताटल्या ठेवल्या, पाटावर बसले. मामांनी विचारलं ते सांगितलं. बी. ए. झाले, शिवण येतं, भाकरी येते. मुलगा समोर होता. विलास त्याचं नाव. तो फोटोपेक्षा बरा होता, आणि मी त्याच्याकडे नीट बघूही शकत नव्हते, कारण माझा सगळा जीव कानात गोळा झाला होता. आतून नखं स्टीलवर घासल्याचा आवाज येत होता. खर्र. थोडं थांबून परत खर्र.

"उंदीर आहेत वाटतं," मामा म्हणाले.

"घुशी," पडद्याआडून आई म्हणाली. "लई झाल्यात."

"घुशीचा आवाज असा नसतो." मामांनी मान तिरकी करून ऐकलं. अण्णांच्या हातातली ताटली कलली आणि पोहे सांडले. खंडूतात्या घाईघाईने पाऊस यंदा कसा होईल ते बोलू लागले.

मग आवाज थांबला.

मी वाट बघितली. मनात म्हटलं, आता येईल. मामा बोलत होते, अण्णा "व्हय व्हय" म्हणत होते, आणि आतून काहीच येत नव्हतं. आवाज येत होता तेव्हा मी तो थांबावा म्हणून देव आठवत होते. आता थांबला तर मला बसवेना.

मुलाच्या आईने पदर नीट केला. "राग मानू नकोस बाळ," ती म्हणाली, "आमच्यात रीत आहे. जरा चालून दाखव. इथून त्या पडद्यापर्यंत जा आणि ये."

मुलीचा पाय लंगडा आहे का ते असं बघायची पद्धत तेव्हा आमच्याकडे सर्रास होती. याआधीच्या दोन्ही स्थळांना मी चालून दाखवलं होतं, आणि दोन्ही वेळा घरात आल्यावर आईपाशी चिडले होते. या वेळी मी मुकाट उठले. पडद्यापर्यंत गेले. तिथे वळायचं होतं. मी वळले नाही.

आत पैलवान पातेल्यात पडला होता. डोकं स्टीलला टेकलेलं. आई ओट्याला धरून उभी होती. तिने माझ्या हाताला धरलं, "लली, नगं" म्हणाली, आणि सोडलंही. मी त्याला फडक्यासकट उचललं, बाहेर आणलं आणि मामांच्या पुढ्यात, पोह्यांच्या ताटलीशेजारी ठेवलं.

"मला चालता येतं," मी म्हणाले. "ह्याला येत नाही. तुम्ही बघा."

खंडूतात्यांचं तोंड उघडंच राहिलं. अण्णा भिंतीला टेकले. त्यांचा चेहरा मी कधी विसरणार नाही, रागही नव्हता त्यात, नुसती भीती. मला तेव्हा त्यांची फार दया आली आणि स्वतःची लाज वाटली, पण हात मागे घेतला नाही.

मामांनी ताटली बाजूला सारली. पाहुणा म्हणून आलेला माणूस माझ्या डोळ्यांदेखत गेला आणि दुसराच कोणी तिथे बसला. त्यांनी कासवाचं कवच अंगठ्याने दाबलं, मागचा पाय ओढून बघितला, नाकाजवळ बोट धरलं.

"आहे अजून. ताटात पाणी आणा, कोमट, बोटभर. पंखा बंद करा."

पाणी विलासने आणलं. आमच्या घरात ताटं कुठे असतात हे त्याला काय ठाऊक, पण तो उठून आत गेला आणि आईकडून घेऊन आला. मामांनी पैलवानाला पाण्यात धरलं. बऱ्याच वेळाने त्याने मान हलवली.

"कधीपासून आहे?" मामांनी विचारलं. "कवच दबतंय. कोंडून ठेवलं होतं ना? ऊन दाखवलं नाही."

"बघतील म्हणून," मी म्हणाले.

"कोण?"

"तुम्ही."

मुलाची आई उठली. "चल विलास," ती म्हणाली. "मुलगी बघायला आलो आणि पंचनामा बघायची वेळ आली."

"थांब अक्का," मामा म्हणाले. त्यांनी तोंडावरून हात फिरवला. ते विचार करत होते हे दिसत होतं. मग त्यांनी अण्णांना जवळ बसवलं आणि आवाज खाली आणला. "हे बघा, मी हे आत्ता केंद्रात नेतो. येताना रस्त्याकडेला बेवारस सापडलं, असं लिहितो. तुमचं नाव कुठे येणार नाही. मी काही बघितलं नाही, तुम्ही काही दाखवलं नाही. अक्का, तूही बस. मुलीत खोट नाही. उलट हिंमत आहे. सोयरीक होऊ शकते."

खंडूतात्यांनी श्वास सोडला. पडद्याआडून आईचा हुंदका ऐकू आला, सुटकेचा. मुलाची आई परत बसली. मी विलासकडे बघितलं. तो हसू दाबत होता, फोटोतल्यासारखाच. माझं काळीज हलकं झालं. पैलवान वाचणार होता, अण्णांची नोकरी राहणार होती, आणि मलाही हवं ते मिळणार होतं.

"तिथे बरा होईल ना तो?" मी विचारलं.

"सांगता येत नाही. तिथला डॉक्टर विचारणार, हे खात काय होतं, किती दिवस कोंडलं होतं, औषध काय दिलं. मी म्हणणार, माहीत नाही. मग ते आपले अंदाजाने करतात."

"आणि आम्हाला बघायला येता येईल?"

"बेवारस जनावराला भेटायला कोण येतं, पोरी?"

मामा पैलवानाला फडक्यात गुंडाळू लागले. तेवढ्यात अण्णा म्हणाले, "साहेब, बेवारस नगा लिहू."

सगळ्यांनी त्यांच्याकडे बघितलं.

"अहो, तुमच्याच भल्यासाठी..."

"कळतंय मला." अण्णांना शब्द शोधावे लागत होते. "पण बेवारस न्हाई ते. मी उचललं, मी घरी आणलं. आपल्या हातचं खाल्लंय त्यानं. आणि पाय बी मीच घालवलं त्याचं. दूधभात देत हुतो, वर चुना. सरपणाच्या खोलीत कोंडलं हुतं, पेपरात बातमी आली तवापासनं. हे डॉक्टरला कुणीतरी सांगाया पायजे. मी सांगतो. माझं नाव घाला. दगडू यशवंत कोळेकर, ड्रायव्हर."

"अहो," आई पडद्याबाहेर आली, "काय बोलताय? पोरीचा तरी इचार करा."

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. ते मला विचारत होते. मला रडू येत होतं आणि मी मान हलवली. हो म्हणून.

"विचार करा, दगडूअण्णा," मामा म्हणाले. "एकदा लिहिलं की माझ्या हातात काही राहणार नाही."

"केलाय."

मुलाची आई या वेळी उठली ती बसली नाही. ती मला वाईट बोलली नाही, दारात तिने माझ्या गालाला हात लावला, पण डोळे दुसरीकडे होते. विलास चप्पल घालताना रेंगाळला. काहीतरी बोलेल असं मला वाटलं. तो बोलला नाही. मामांनी आईकडे भाकरीची पाटी मागितली, त्यात फडकं पसरून पैलवानाला ठेवलं आणि पाटी अण्णांच्या हातात दिली. "झाकू नका," म्हणाले. जीपमध्ये मागच्या बाजूला, उघडी पाटी मांडीवर घेऊन अण्णा बसले. शेजारचे लोक फाटकाशी येऊन बघत होते. अण्णांनी पाटी लपवली नाही.

ते स्थळ गेलं. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. कितीतरी दिवस मी तो फोटो पेटीतून काढून टाकला नव्हता. अण्णांवर केस झाली, दंड झाला, आणि त्यांनी सांगितलं होतं तसंच निलंबनही झालं. काही महिने ते घरी बसून राहिले. स्टिअरिंग नसल्यावर हात कुठे ठेवायचे हे त्यांना कळायचं नाही. मंडळी हसायची. कासवापायी नोकरी घालवणारा ड्रायव्हर म्हणून त्यांना ओळखू लागली. पुढे नोकरी परत मिळाली, माझंही लग्न झालं. विलासशी नाही, पण बरं झालं.

केंद्रातून पहिल्यांदा भेटायची परवानगी मिळाली तेव्हा मात्र अण्णा निलंबितच होते. पहाटेच उठून ते गेले, आणि ज्या एसटीत इतकी वर्षं पुढे बसले तिच्यात तिकीट काढून मागे बसले. दिवस मावळता परत आले. हातपाय धुतले. आईने चहा पुढे केला. ते काही बोलेनात, तेव्हा आम्हा दोघींनाही वाटलं, गेला असणार. विचारायचं धाडस मला होईना. शेवटी आईनेच विचारलं.

"कसा हाय?"

अण्णांनी कप खाली ठेवला. त्यांचे डोळे भरून आले होते.

"उन्हात हाय," ते म्हणाले.